सतरा नंबरचं ताट

'सांजवारा'त कुणाला बाहेर जेवायला जायचं असलं, की आधी खालच्या फळ्याशी जायचं आणि इंद्रायणीबाईंचा कागद वाचायचा, अशी रीतच पडून गेली होती.

सांजवारा म्हणजे जुळे सोलापूरच्या पुढं, जिथं फ्लॅट संपतात आणि ज्वारीची रानं लागतात, तिथं बांधलेलं म्हाताऱ्यांचं संकुल. वृद्धाश्रम म्हटलेलं तिथं कुणाला खपत नसे. साठ खोल्या, लिफ्ट, प्रार्थनेचा हॉल, दुसऱ्या मजल्यावर आजाऱ्यांचा विभाग आणि खाली मोठं स्वयंपाकघर. सगळं चांगलं होतं, फक्त जेवणाला चव नव्हती. साठ खोल्यांची साठ दुखणी. कुणाला मीठ नको, कुणाला तेल नको, कुणाला लसूण चालत नाही. आचाऱ्यानं त्यातून सोपा मार्ग काढला होता. जे एकाला नको ते तो कुणालाच देत नसे.

इंद्रायणीबाई माढेकर एकतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होत्या. चूक दिसली की लाल शाई घ्यायची, हा हाताचा गुण. सांजवारात आल्यावर पंधरा दिवस त्यांनी ते जेवण खाल्लं आणि मग बिरप्पाच्या रिक्षात बसून मंगळवार-शुक्रवार बाहेर पडायला सुरुवात केली. एकट्यानं जायचं, एक ताट खायचं, आणि परत येऊन वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून फळ्याला लावायचं. 'भात उत्तम. तिखट दोन मिरच्या. पायऱ्या सात, कठडा नाही. खुर्चीला पाठ आहे. हात धुवायची जागा ओली असते, जपून.' किंवा, 'डोशाची गाडी. चव पहिल्या वर्गाची. बसायला जागा नाही, गुडघेवाल्यांनी जाऊ नये.' खाली त्या जागेचा फोन नंबर.

"बाई, दातांचा एक रकाना टाका की," शेजारच्या खोलीतल्या वैदेहीताई म्हणायच्या. "परवा तुमचा कागद वाचून भाकरी मागवली. माझी खालची कवळी भाकरीतच राहिली."

"मग भाकरीला दात आले म्हणायचं," इंद्रायणीबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर दातांचा रकाना यायचा.

पण हे सगळं ज्यांच्यासाठी सुरू झालं होतं, ते काही खात नव्हते.

कमलाकरराव, त्यांचे यजमान. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दिवाळीच्या पाडव्याला त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, सावकाश का होईना. उजवा हात राहिला. भूक मात्र गेली. ताट पुढं ठेवलं की ते बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "मी जेवलो."

"कधी जेवलात? सकाळपासून दोन चमचे पेज पोटात गेलीय."

"आत्ता जेवलो की. पोट भरलंय माझं."

या माणसानं आयुष्यात कधी पान टाकलं नव्हतं. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडं चित्राहुतीचे पाच घास ठेवायचे आणि मग थोडं लांब, एकटा, सहावा. तो सहावा घास दुर्गेचा. दुर्गा त्यांची धाकटी बहीण. करमाळ्याला असताना चार वर्षांची होऊन गेली. भूक लागली म्हणून रडत होती आणि आई देवळात होती, एवढंच ते एकदा सांगून गेले होते. इंद्रायणीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण बावन्न वर्षांत तो घास चुकलेला त्यांनी पाहिला नव्हता.

वजन एकसष्टवरून चव्वेचाळीसवर आलं. माघातल्या एका बुधवारी डॉक्टर तपासून गेले आणि व्यवस्थापक हृषीकेश खोलीत आला. पोरगा भला होता. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, डॉक्टर सोमवारी परत येणारेत. तोपर्यंत सर खायला लागले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल. मग त्यांना वर शिफ्ट करणं भाग आहे."

"आणि मी?"

"वर नातेवाइकांना राहता येत नाही. चार ते पाच भेटायची वेळ असते. रूलच आहे, मॅडम."

वर गेलेलं माणूस खाली आलेलं सांजवारात कुणी पाहिलं नव्हतं. हृषीकेश गेल्यावर इंद्रायणीबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, सिद्धरामेश्वराला हात जोडले आणि मागितलं ते एवढंच, की बाबा, यांना भूक दे.

त्या उठल्या, तेव्हा कमलाकरराव भिंतीकडं बघत होते. दुपारचा एक वाजून गेला होता. त्यांचे ओठ किंचित हलत होते, अगदी चावल्यासारखे. रोज याच वेळी ते असं करत. अर्ध्या तासानं ते थांबले आणि म्हणाले, "हात धुवायला पाणी दे."

"काहीच खाल्लं नाहीत, हात कशाला धुता?"

तरी बाईंनी तांब्या आणला, त्यांचा उजवा हात हातात घेतला, आणि त्या थबकल्या. बोटं कोरडी होती. पण त्यांना वास होता. लसूण, आणि भाजलेल्या शेंगांचा कूट. जिथल्या स्वयंपाकघरात लसूण येतच नाही, तिथं.

कुण्या बाईनं डब्यातली चटणी दिली असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मनाशी काही ठरवलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बिरप्पा खाली रिक्षा पुसत होता. पन्नाशीचा, अक्कलकोटकडचा माणूस, बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारा. बाई म्हणाल्या, "बिरप्पा, मला घरच्यासारखी आमटी कुठं मिळेल? हॉटेलची नको. लाल तर्रीची नको."

"मावशी, एक जागा हाय, पन तुमाला चालंल का न्हाय..." त्यानं मान खाजवली. "अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पावरलूमवाले कामगार जेवतेत. पद्मशाली बाईची खानावळ. शाकाहारी हाय. आमटी लई भारी, आन् भाकर कडाककन मोडती."

"पायऱ्या?"

"एक बी न्हाय."

कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक लांबट पत्र्याची खोली होती. आजूबाजूला मागांचा खटखटाट एवढा, की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. दारात एक पिवळं कुत्रं आडवं पडलेलं. दारावर हातानं रंगवलेली पाटी: धनलक्ष्मी खानावळ.

ते नाव वाचून इंद्रायणीबाईंच्या कपाळावर जुनी आठी उमटली.

हे नाव त्यांच्या संसारात सवतीसारखं नांदलं होतं. कमलाकरराव लग्नाआधी साखर पेठेत एका खोलीत राहत आणि धनलक्ष्मी नावाच्या विणकर बाईच्या खानावळीत जेवत. पाच वर्षं. आईला त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बायकोला मात्र सारखं सांगितलं. आमटी केली की, "छान झालीय. धनलक्ष्मीची आमटी जरा..." आणि पुढं गप्प. एकदा बाई चिडून म्हणाल्या होत्या, "मग तिच्याकडंच जा की जेवायला!" तर ते हसून म्हणाले होते, "कसा जाऊ? बदलीचा हुकूम आला आणि तसाच निघालो. न सांगता. सतरा नंबर होता माझा." पुढं साखर पेठेतली ती इमारत पाडली. गेली ब्याद, असं त्या वेळी बाईंच्या मनात येऊन गेलं होतं. देवानं ते ऐकलं असेल, तर माफ करो.

"या की आजी, बसा की." चाळिशीची एक बाई पदराला हात पुसत पुढं आली. "मी धनलक्ष्मी. आमच्या आजीचंच नाव ठेवलंय मला. अव्वा म्हणायचे तिला सगळे. तिच्यापासूनची खानावळ आहे ही. पहिली पेठेत होती."

भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर खिळ्यांच्या रांगा. बहुतेक खिळ्यांना एकेक गोल पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. मेंबर आला की आपला नंबर बघून त्या जागी बसे. आदल्या दिवशी कुणी खाडा सांगितला, म्हणजे उद्या जेवायला येणार नाही असं कळवलं, की धनलक्ष्मी त्याचा बिल्ला उलटा करी. मेंबर कायमचा सोडून चालला की बिल्ला काढून त्याच्या हातात देई. अव्वाची पद्धत.

इंद्रायणीबाईंची नजर आपोआप दुसऱ्या ओळीत गेली. बाकीचे बिल्ले नवे, पांढरे. एक तेवढा पितळेचा, काळवंडलेला. सतरा.

एक वाजला आणि सगळे माग एकदम थांबले.

ती शांतता कानांवर येऊन आदळली. मग वीसेक माणसं आत आली, खाली मान घालून रांगेत बसली. अंगाला सुताचा कापूस चिकटलेला. कुणी बोललं नाही. बाईंना एका कडेला बाकडं-टेबल दिलं. धनलक्ष्मी वाढत गेली: भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, भात, आमटी. रांगेच्या टोकाला, भिंतीपासून एक जागा सोडून, एक पाट रिकामा होता. तिनं त्याच्यापुढंही ताट ठेवलं, तितक्याच निगुतीनं वाढलं, तांब्याभर पाणी ठेवलं आणि पुढं गेली.

येणार असेल कुणी, असं म्हणून बाईंनी भाकरी मोडली. आमटीचा पहिला घोट घेतला आणि मान्य केलं. मनातल्या मनात का होईना, बावन्न वर्षांनी मान्य केलं. खरंच, जरा चांगली होती.

मान वर केली, तर टोकाच्या ताटातली भाकरी अर्धी झाली होती.

पाटावर कुणी नव्हतं. शेजारचा माणूस आपल्या ताटात बघून जेवत होता. बाईंनी डोळे चोळले, चष्मा पुसला. पुन्हा बघितलं तेव्हा आमटीची वाटी कोरडी होती. रांग उठली, माणसं हात धुऊन गेली. बाई हळूहळू त्या पाटाशी गेल्या. ताट लख्ख होतं. ताटाभोवती पाण्याचं ओलं कडं. उजवीकडं भाताचे पाच घास.

आणि थोडं लांब, एकटा, सहावा.

त्या कशा रिक्षात बसल्या, ते त्यांना नंतर आठवेना. डब्यात घेतलेली आमटी तेवढी मांडीवर घट्ट धरलेली होती. खोलीत येऊन त्यांनी ती वाटीत ओतली, कमलाकररावांच्या ओठांशी चमचा नेला. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"हीच आमटी होती आज. अंबाडीबरोबर. पुन्हा कशी खाऊ?"

बाईंनी वाटी ठेवली. रात्रभर रामरक्षा म्हटली. पण शिक्षकीण ती शिक्षकीणच. एका उदाहरणानं गणित सिद्ध होत नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं पोरांना सांगितलं होतं. शुक्रवारी त्या कुठंही गेल्या नाहीत. दुपारी एक ते दीड कमलाकररावांच्या पलंगाशी बसून राहिल्या. ओठ हलले, थांबले. पाणी मागितलं.

"काय होतं आज?" बाईंनी विचारलं.

"दोडका. डाळ घालून." त्यांनी तोंड वाकडं केलं. "मीठ घालायला विसरली ती. पहिल्यांदाच."

बाईंनी सवयीनं वहीत टिपून घेतलेला खानावळीचा नंबर बघून फोन लावला. "धनलक्ष्मी, मी कालची आजी. आज भाजी कसली होती गं?"

"अय्यो आजी, नाव काढू नका! दोडका केलता, आन् मीठच घालायचं विसरले. पोरं म्हणायलीत, वैनी, तुमचं लक्ष कुटंय?"

पलंगावर कमलाकरराव शांत झोपले होते. पोट भरल्या माणसासारखे. गळ्याची हाडं मात्र कालच्यापेक्षा वर आली होती.

शनिवारी त्या बारा वाजताच खानावळीत पोचल्या. धनलक्ष्मी भाकऱ्या थापत होती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "म्हणजे सतरा नंबर तुमचे का?"

"तुला माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं. अव्वानं सांगितलंवतं, सतरानं खाडा सांगितला नाही. आन् ज्यानं सांगितलं नाही, तो वाटेत आहे असं धरायचं. ताट वाढायचं. तिनं वाढलं, आईनं वाढलं, मी वाढते. इतकी वर्षं ताट तसंच राहायचं, गाईला घालायचो. ह्या दिवाळीच्या पाडव्यापासनं रिकामं सापडाय लागलं."

"आणि तू कधी बघितलं नाहीस, कोण जेवतंय ते?"

"जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, आजी. अव्वा लई रागवायची."

इंद्रायणीबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तुझ्याकडं जेवतात ते अंगाला लागत नाही गं त्यांच्या. आणि माझ्याकडं जेवत नाहीत. सोमवारी त्यांना वर नेतील. मी त्यांच्या वतीनं सांगते, सतरा नंबर बंद कर."

"उलटा करू का? खाडा लावते."

"खाडा किती दिवसांचा चालतो?"

"तीन. चौथ्या दिवशी पुन्हा सांगितलं नाही, तर बिल्ला सुलटा. ताट वाढायचं."

"मग नको. काढूनच दे."

धनलक्ष्मीनं हात धुतले. फळ्याशी गेली, पण बिल्ल्याला हात लावला नाही. "आजी, एक सांगते. एकदा काढला की परत लावत नाही, ही पद्धत आहे. हितलं बंद झालं आन् तिकडं भूक लागली नाही, तर? मग हितं ना तितं. उपाशी माणूस कुटं जाईल?"

हे बाईंना सुचलं नव्हतं असं नाही. रात्री त्यांनी दुसरा काही विचारच केला नव्हता. भूक लागली म्हणून रडणारी चार वर्षांची पोर त्यांच्या डोळ्यांपुढं येत होती, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इथं निदान त्यांचं पोट भरत होतं. कुणी तरी वेळेवर, निगुतीनं, न बोलता वाढत होतं. आपण हे त्यांच्यासाठी करतोय की आपल्यासाठी? चार ते पाचच्या भेटीला घाबरून? की त्या जुन्या आठीपायी? त्यांनी डोळे मिटले. सिद्धरामेश्वरा, माझ्या मनात पाप असेल तर ते माझ्या पदरात घाल, त्यांच्या ताटात नको.

"काढ," त्या म्हणाल्या.

बिल्ला हातात आला तेव्हा गरम होता. आत्ताच कुणी मुठीतून सोडल्यासारखा.

एक वाजला. माग थांबले. माणसं आली, बसली. टोकाचा पाट तिथंच होता, पण धनलक्ष्मी पहिल्यांदाच तिथं न थांबता मागं वळली. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. सगळे खाली बघून जेवत होते, म्हणून त्यांनीही मान खाली घातली. पाट सरकल्याचा बारीक आवाज झाला. मग दारातलं पिवळं कुत्रं उठलं, शेपूट न हलवता बाजूला झालं, आणि एखाद्याला वाट दिल्यावर थांबतात तसं थोडा वेळ थांबून पुन्हा आडवं पडलं.

परतीच्या वाटेवर पुलाच्या चढाला रिक्षा कुंथायला लागली.

"काय झालं रे?"

"काय की मावशी. गाडी वडंना. तुमी एकट्याच हायसा, पन वजन दोघांचं लागायलंय." बिरप्पा हसत आरशात बघायला गेला आणि का कोण जाणे, बघता बघता थांबला. पुढं सांजवारा येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, मराठीत ना कानडीत.

इंद्रायणीबाई सीटवर हळूच डावीकडं सरकून बसल्या. उजवी बाजू त्यांनी मोकळी ठेवली.

खोलीत कमलाकरराव डोळे मिटून पडले होते. इतके निश्चल, की बाईंनी आधी छातीकडं पाहिलं. छाती हलत होती. दोन वाजले, तीन वाजले. ओठ हलले नाहीत, पाणी मागितलं नाही. चार वाजता हृषीकेश डोकावून गेला. पाच वाजता बाईंनी बिल्ला देवापुढं ठेवला आणि स्वतःशी म्हटलं, मारलं मी यांना.

दिवेलागणीला मागून आवाज आला. लहान पोराच्या तक्रारीसारखा.

"अगं, भूक लागलीय."

चहापुरता एक ओटा खोलीत होता. त्यावर बाईंनी वरण शिजवलं, चिंच-गुळाची पातळ आमटी केली, मऊ भात केला. घाईत मोहरी ओट्यावर सांडली. ताट पुढं ठेवलं. कमलाकररावांनी उजव्या हातानं पाणी फिरवलं. अर्धं चादरीवर सांडलं. पाच घास ठेवले, धापा टाकत. मग हात लांब करून सहावा. आणि जेवले. सावकाश, सगळं. बाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्या खिडकीबाहेरच्या ज्वारीकडं बघत उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे टिपत राहिल्या.

"कशी झालीय?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण बरी झालीय."

धनलक्ष्मीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

सोमवारी डॉक्टर आले, वजन केलं, दीड किलो वाढलं होतं. त्यांनी काटा हलवून पुन्हा केलं. हृषीकेश म्हणाला, "मॅडम, मिरॅकलच! काय खायला घातलंत?" बाई म्हणाल्या, "मीठ." नळीचं नाव निघालं नाही. वरच्या मजल्याचंही.

तीन आठवडे बरे गेले. कमलाकरराव उशीला टेकून बसायला लागले. एक दिवस जेवताना ते सहज म्हणाले, "तुझी जागा भिंतीकडं घेतलीय हं. माझ्या पलीकडची. तिथं पंख्याचा वारा येतो."

"कुठली जागा?"

ते भात कालवत राहिले. त्यांच्या लक्षातून ते गेलं होतं, किंवा तसं दाखवत होते.

बाई त्याच दिवशी एमआयडीसीत गेल्या. धनलक्ष्मीनं हसून स्वागत केलं. "आजी, किती दिवसांनी! काका जेवतेत का?"

"जेवतात. पाव भाकरीसुद्धा चावतात." बोलता बोलता त्यांनी फळ्याकडं बघितलं. सतराचा खिळा मोकळा होता. त्याच्या शेजारी, मागच्या वेळी रिकाम्या दिसलेल्या खिळ्यावर, एक पितळी बिल्ला लटकत होता. अठरा.

"हा कुणाचा?"

धनलक्ष्मीचं हसू थोडं ओसरलं. "तुमचाच ना? काल दुपारी बघितलं तर खिळ्याला. अव्वाच्या पेटीतला आहे, पेटीला तर कुलूप असतंय. मला वाटलं, तुम्हीच येऊन सांगून गेला." तिनं आवाज खाली आणला. "आज ताट वाढायचं का, आजी?"

बाहेर माग खटखटत होते. एक वाजायला पाच मिनिटं होती. बाईंनी त्या बिल्ल्याकडं पाहिलं. ताट वाढू दिलं, तर आपलीही भूक इथं येऊन बसायची. काढून मागावा, असं वाटलं. पण मग त्यांच्या पलीकडची जागा कुणाची? बावन्न वर्षं शेजारी बसून जेवल्यावर, त्या जागेवर दुसऱ्या कुणी बसावं?

त्या ताठ उभ्या राहिल्या आणि वर्गात हजेरी घेताना बोलत तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "अठरा नंबरचा खाडा."

धनलक्ष्मीनं बिल्ला उलटा केला. "तीन दिवस. मग पुन्हा सांगायला लागंल. असं किती दिवस करणार, आजी?"

"ते जेवतात तोवर."

त्या खानावळीचा कागद फळ्यावर कधी लागला नाही. वैदेहीताईंनी दोनदा विचारलं, "बाई, ती आमटीवाली जागा कुठली हो?" तर बाई म्हणाल्या, "तिथं खुर्च्या नाहीत. तुम्हाला खाली बसवणार नाही."

बाकी इंद्रायणीबाईंचं सगळं पहिल्यासारखं चाललंय. मंगळवार-शुक्रवार रिक्षा, वहीचा कागद, मिरच्या, पायऱ्या, दात. फक्त दर तिसऱ्या दिवशी सकाळी, देवपूजा झाली की त्या बाल्कनीत जाऊन एक फोन करतात. अर्ध्या मिनिटाचा. सांजवारातल्या लोकांना वाटतं, बाई कुठल्याशा हॉटेलात आजची भाजी विचारतात. औषधाची वेळ त्या चुकतात, चष्मा विसरतात, एकदा तर देवाला फूल वाहायचं विसरल्या.

तो फोन मात्र अजून एकदाही चुकलेला नाही.